तिसऱ्यांदा विचारल्यावर

आर्डिसच्या स्वयंपाकघरातली सिंकवरची खिडकी लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अडकली ती अडकलीच. तेव्हापासून दरवर्षी मे महिना आला की ती नवऱ्याला म्हणायची, "लाईल, ती खिडकी बघशील का रे?" आणि लाईल म्हणायचा, "बघतो." तो खरंच बघायचा. कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून दोन मिनिटं खिडकीकडे बघायचा आणि गॅरेजमध्ये निघून जायचा. उभा जन्म त्या बंद काचेपुढे आर्डिसने घामाघूम होऊन भांडी घासली, पण आवाज कधी चढवला नाही. आणि यंदा लाईलने तीच खिडकी एका सकाळी, कपातली कॉफी निवायच्या आत उघडून दाखवली. कुणासाठी? बायकोसाठी नव्हे. हे घर विकत घ्यायला येणाऱ्या परक्या माणसांसाठी. आणि घर विकायला निघालंय हे तिला कुणी सांगितलेलंसुद्धा नव्हतं.

आमच्या टॅमरॅक फॉल्समध्ये हॉगस्टॅड नवराबायकोचं नाव कधी कुठल्या भांडणात आलं नाही. लाईल कौंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी तिच्या हातचे मटार निमूटपणे खाल्लेत. विस्कॉन्सिनमध्ये इतकी वर्षं काढलेल्या कुठल्याही जोडप्यासारखी ही दोघं एकमेकांशी हवामान, गाडीचे टायर आणि शेजाऱ्यांचं कुत्रं याविषयी बोलायची, आणि बाकीचं समोरच्याला आपोआप कळतं असं धरून चालायची. तिथेच सगळा घोळ आहे. आपोआप काही कळत नसतं, पण हे आमच्याकडे कुणाला सांगायला गेलात तर लोक तुम्हाला पुढे बोलू न देता कॉफी ओततात.

एप्रिलमध्ये लाईल निवृत्त झाला आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. सोमवारी जिन्याचा कठडा, मंगळवारी थाडथाड आपटणारं जाळीचं दार, मग न्हाणीघरातल्या फरश्या. ज्या कामांसाठी आर्डिसने जिभेला फोड येईपर्यंत सांगितलं होतं आणि शेवटी ज्यांच्यावर पाणी सोडलं होतं, ती सगळी कामं हा माणूस शीळ घालत उरकायला लागला. स्वयंपाकघराच्या पिवळ्या भिंती त्याने राखाडी केल्या. आर्डिसला पिवळा रंग आवडायचा. ती म्हणाली, "हं. वेगळंच दिसतंय." यापेक्षा जास्त ती काय बोलणार?

आणि शनिवार-रविवारी हिंडणं! पिकअपमध्ये थंड पेयांची बर्फपेटी टाकायची आणि निघायचं. कधी रस्त्यावरच्या टपरीवर तळलेले चीजचे तुकडे, कधी कुठल्या गावच्या मक्याच्या जत्रेत लोण्यात बुडवलेली कणसं, कधी निव्वळ गोठवलेलं कस्टर्ड खायला तासभर गाडी मारायची. दोनदा तर थेट उत्तरेला सुपीरियर सरोवरापर्यंत गेली, काठावरच्या खोलीत राहिली, बोटीने बेटावर जाऊन आली. शुक्रवारी मात्र गावातच, सपर क्लब नावाच्या जुन्या खानावळीत, मासळी. ती काही चुकवायची नसते.

चर्चच्या तळघरात खुर्च्या लावताना बायका म्हणायच्या, "आर्डिस, नशीब काढलंस बाई. आमचा निवृत्त झाला तो टीव्हीपुढे जो बसलाय, त्याला झाडू मारायला पाय वर कर म्हणावं लागतं."

आर्डिस हसायची, पण तिला प्रश्न पडायचा. इतका चांगुलपणा एकाएकी कुठून आला? तिला वाटलं, डॉक्टरांनी ह्याला काहीतरी सांगितलंय आणि हा लपवतोय. एकदा लाईल हिरवळ कापत असताना तिने त्याचं औषधांचं कपाट धुंडाळलं. रक्तदाबाची जुनी गोळी होती, गुडघ्याला चोळायचं मलम होतं, बाकी काही नाही. तेव्हा कुठे तिला धीर आला. नवरा धडधाकट आहे आणि आपल्यावर जीव लावतोय एवढाच त्याचा अर्थ, असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि चार आठवडे ती बाई खरोखर सुखात होती. त्या चार आठवड्यांचाच मला जास्त राग येतो.

मग जूनमध्ये चर्चचा स्ट्रॉबेरीचा कार्यक्रम झाला. आर्डिस दिवसभर तिथे बिस्किटांवर साय घालत उभी होती. घरी येऊन पाहते तर मागच्या अंगणातला रुबार्ब, केकमध्ये घालायची ती आंबट लाल देठांची झाडं, गायब. त्या जागी करड्या चौकोनी फरश्या, अगदी ओळीत बसवलेल्या. आणि रुबार्बचे गड्डे गॅरेजमागे एका बादलीत, उन्हात माना टाकलेले.

"लाईल, हे काय?"

"बसायला जागा केली. छान दिसतं ना?"

"आणि माझा रुबार्ब?"

"जपून काढलाय, अगं. बादलीत आहे. ती मोठाली पानं बघून लोकांना गवत वाटतं."

"कुठल्या लोकांना?"

"असंच. लोकांना."

आता त्या रुबार्बची गोष्ट सांगायला हवी. तो आर्डिसच्या आईचा, इंगाचा. आर्डिस शाळकरी असताना तिच्या वडिलांनी शेत विकलं. बायकोला त्यांनी केव्हा सांगितलं? लिलाववाल्याची गाडी अंगणात शिरली तेव्हा. आणि आमच्याकडची रीत अशी, की लिलावाला आलेल्या माणसांना घरच्या बाईने खायला घालायचं. इंगाने पहाटे उठून केक भाजले. आपलंच शिवणयंत्र लिलावात घेऊन काखोटीला मारून चाललेल्या माणसाला तिने हातात बशी दिली आणि विचारलं, "कॉफी घेणार ना?" आर्डिसने हे डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर आई फावडं घेऊन मागे गेली आणि रुबार्बचा एक गड्डा उपटून तिने पदरात, म्हणजे एप्रनमध्ये, बांधला. तेवढं एकच तिने त्या शेतातून आणलं. आर्डिसच्या लग्नात त्यातला अर्धा गड्डा तिला मिळाला, दागिना द्यावा तसा. हे लाईलला ठाऊक नव्हतं काय? चांगलं ठाऊक होतं.

तरीही आर्डिस गप्प बसली. बादली तिने सावलीत ओढली, तिच्यात पाणी घातलं आणि आत जाऊन बटाटे उकडायला ठेवले.

आणि मग जुलैतला तो शुक्रवार. सपर क्लबमध्ये नेहमीचं टेबल, नेहमीची ब्रँडी, कोबीची कोशिंबीर, राय धान्याचा काळपट पाव आणि ताटभर तळलेला मासा. शेवटी एक तुकडा उरला. तो उरतोच.

"घे ना तू," आर्डिस म्हणाली.

"छे, छे. पोट भरलं."

"घे रे. कशाला वाया घालवायचा?"

"नको खरंच. तू घे."

"लाईल, घेऊन टाक."

"बरं, तू म्हणतेसच तर..." म्हणत त्याने तुकडा उचलला. आमच्याकडे हे असंच चालतं. पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणारा हावरट, दोनदा नको म्हणणारा सभ्य, आणि तिसऱ्यांदा पदरात पडेल ते आपलं. पाळण्यातल्या पोरांनाही हे कळतं.

तेवढ्यात मर्ना टेस्मर टेबलापाशी आली. मर्ना घरं विकून देते; तिचा हसरा चेहरा गावातल्या प्रत्येक बाकावर जाहिरातीत छापलेला आहे. तिने आर्डिसच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, काय घर केलंय तुम्ही! तो राखाडी रंग म्हणजे अगदी लोकांना हवा तस्सा. आणि मागची ती हिरवी कटकट काढून टाकलीत, फार बरं झालं. परवाच्या रविवारी दार उघडं ठेवू या, काय? दुपारी लोक घर बघायला येतील. तुम्ही दोघं तेवढा वेळ बाहेर जाऊन कस्टर्ड खाऊन या. आणि आर्डिस, निघण्याआधी एक केक तेवढा भाजून ठेव हं. घरात केकचा वास असला ना, की माणसं तिथल्या तिथे घराच्या प्रेमात पडतात."

आर्डिसने रुमाल उचलला, ओठ टिपले. "अस्सं," ती म्हणाली. "बरं."

मर्ना पुढच्या टेबलाकडे गेली. लाईल माशाचा तो शेवटचा तुकडा चघळत बशीकडे बघत होता. आर्डिसच्या डोळ्यांपुढे खिडकी आली, कठडा आला, न्हाणीघर आलं. सगळा उन्हाळा तिच्यापुढे उलटा होऊन उभा राहिला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सपर क्लबमध्ये तमाशा कोण करतं? तिने वाढणाऱ्या मुलीसाठी बक्षिसी ठेवली, दाराशी भेटलेल्या तिघांशी पावसापाण्याचं बोलली, आणि पिकअपचं दार लावून घेतल्यावरच तोंड उघडलं.

"तू घर विकतोयस."

"आपण विकतोय," लाईल म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "सरोवराकाठी ते छोटं घर बघितलं नाही का आपण? निळ्या दाराचं? तिथे जाऊ. जिने नाहीत, बर्फ उपसणं नाही. सकाळी उठलं की समोर पाणी. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं."

"मला विचारलंस कधी?"

"विचारलं की! तीनदा विचारलं."

"काय म्हणाले मी?"

"मेमध्ये विचारलं तेव्हा म्हणालीस, छे, आपलं इथेच बरंय. मग त्या खोलीच्या गॅलरीत बसलो होतो तेव्हा विचारलं, तेव्हाही म्हणालीस, नको रे बाबा."

"मग?"

"मग बोटीवर विचारलं. तिसऱ्यांदा. तेव्हा तू काही बोलली नाहीस."

आर्डिसला ती बोट आठवली. वारा असा सुटला होता की तिने दोन्ही हातांनी टोपी धरून ठेवली होती, आणि तो काहीतरी बोलतोय एवढंच तिला ऐकू आलं होतं. आपलं आयुष्य ती टोपी धरता धरता विकलं गेलं म्हणायचं!

"लाईल, मी दोनदा नाही म्हणाले."

"दोनदा तर सगळेच म्हणतात, अगं."

"ते माशाच्या तुकड्याला! हे माझं घर आहे. मी काय कोशिंबीर नको म्हणत होते?"

"मला काय ठाऊक?" लाईलचा आवाजही आता तापला. "इतक्या वर्षांत तू कधी सरळ 'नाही' म्हणालीस, की ते मला आता कळावं? तुझी आई गेली त्या दिवशी मी विचारलं, जवळ बसू का? दोनदा नको म्हणालीस आणि तिसऱ्यांदा माझा हात धरलास. तेव्हा मी दुसऱ्या नकोवर उठून गेलो असतो तर?"

त्याचं हे म्हणणं खरं होतं, आणि त्यामुळे आर्डिसचा राग दुप्पट झाला. माणूस निव्वळ लबाड असता तर सोपं गेलं असतं. ती खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत बसली. लाईलने गाडी गॅरेजमध्ये लावली, आणि तिच्या गप्प बसण्याचा त्याने पुन्हा तोच सोयीचा अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी त्याने हिरवळ कापली आणि पुढच्या अंगणात मर्नाने धाडलेली पाटी ठोकली.

घर विकायला दोघांची सही लागते. वडिलांच्या वेळी आईला कुणी कागद दाखवला होता की नाही, देव जाणे. आर्डिसला मात्र सही करावी लागणार होती, आणि रविवारपर्यंत ती दुसरा कसलाही विचार करत नव्हती.

रविवारी सकाळी तिने फ्रीझरमधली रुबार्बची शेवटची पिशवी काढली, मागच्या वर्षी चिरून ठेवलेली, आणि केक भाजला. वर साखर आणि दालचिनी भुरभुरली. आंबटगोड वास घरभर पसरला. लाईल दोनदा ओव्हनपाशी घुटमळून गेला. त्याला वाटलं, मिटलं.

मर्ना आली, तिने नाक वर करून वास घेतला आणि टाळी वाजवली. "वा! आता तुम्ही निघा पाहू."

"मी इथेच बसते," आर्डिस म्हणाली.

"अगं, घरमालक असले की लोक संकोचतात."

"संकोचू देत." ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली, केक समोर, सुरी बाजूला. लाईल दारात गाडीची किल्ली हातात फिरवत उभा राहिला. ना धड आत, ना बाहेर.

लोक आले. कपाटं उघडली, नळ सोडून पाहिले, भिंतींवर बोटं वाजवली. एका जोडप्याला मात्र घर मनापासून आवडलं. तरुण, बिचारी चांगली माणसं. बाईच्या पोटाशी झोळीत तान्हं बाळ होतं. ती सिंकपाशी गेली, एका बोटाने खिडकी वर सरकवली, आणि खिडकी लोण्यासारखी उघडली.

"अय्या, किती हलकी उघडते!" ती म्हणाली. "इथे उभं राहून भांडी घासायला काय छान वाटत असेल ना?"

आर्डिस त्या उघड्या खिडकीकडे बघत राहिली. चाळीस वर्षं घाम आपण गाळला, आणि हा वारा हिच्या तोंडावर! त्या पोरीचा काय दोष? पण आर्डिसला त्या क्षणी नवऱ्याचा असा राग आला की सुरी धरलेला हात तिने मांडीवर दाबून धरला.

अर्ध्या तासाने मर्ना लगबगीने आत आली. ते तरुण जोडपं मागे नव्या फरश्यांवर उभं होतं, त्यांना आजच बोली लावायची होती. मर्नाने लाईलला आत बोलावलं, टेबलावर कागद ठेवले, पेन काढून आर्डिसपुढे धरलं. लाईलने घसा साफ केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो बायकोला वाऱ्यावाचून, इंजिनाच्या आवाजावाचून, तोंडात घास नसताना विचारत होता.

"आर्डिस, विकू या ना हे घर?"

"नाही," आर्डिस म्हणाली.

मर्ना समजुतीने हसली. पहिला नकार. पेन तसंच पुढे होतं. लाईलही थोडा हसला. "अगं, सरोवर आवडलं होतं तुला. निळं दार. विकू या?"

"नाही."

मर्नाने पेनचं टोपण काढलं. तिने उभ्या आयुष्यात शेकडो सह्या घेतल्या होत्या, तिला ठाऊक होतं आता काय येणार. बाहेर बाळ थोडं कुरकुरलं. लाईलने मात्र आता बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं. तिसऱ्यांदा विचारायला त्याची जीभ रेटेना. पण विचारणं भागच होतं.

"आर्डिस," तो हळूच म्हणाला, "तुला... विकायचंय का?"

"नाही."

लाईलने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मर्नाच्या हातातलं उघडं पेन तसंच राहिलं. अशा वेळी पुढे काय करायचं असतं ते आमच्या गावात कुणालाच ठाऊक नाही, मर्नालाही नव्हतं. तिने कागदांच्या कडा उगाच जुळवल्या, मग पुन्हा जुळवल्या. शेवटी गाडी वळणावर आणायची म्हणून ती म्हणाली, "केकचा वास काय सुटलाय गं!"

आर्डिसने बशीत तुकडा काढला आणि पुढे केला. "घेतेस?"

"छे, नको गं," मर्ना म्हणाली, सवयीने, हात अर्धा पुढे करून.

"बरं," आर्डिस म्हणाली, आणि बशी मागे घेतली.

मर्नाचा हात हवेतच राहिला. तिने तो पर्सच्या पट्ट्यावर ठेवला, घड्याळ पाहिलं आणि बाहेरच्या दोघांना सांगायला गेली. फरश्यांवर बराच वेळ हळू आवाजात बोलणं चाललं. मग गाड्या सुरू झाल्या आणि गेल्या.

लाईल खुर्चीवर बसला. एकदम म्हातारा दिसायला लागला होता. "मला वाटलं होतं," तो म्हणाला, "की तुला आवडेल." आर्डिसने सुरी पुसून ठेवली. तिचा राग गेला नव्हता. तो आता कितीतरी दिवस जाणार नव्हता, आणि तो घालवायची तिला घाईही नव्हती. आईने त्या दिवशी गिळलेला सगळा राग तिला आज पुरून उरणार होता. तिने मर्नासाठी काढलेली बशी नवऱ्यापुढे सरकवली.

"घेतोस?"

लाईलचं तोंड उघडलं. 'नको, तू घे' हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले तिला स्पष्ट दिसले. ती बशीवर हात ठेवून बघत राहिली.

"हो," लाईल म्हणाला. "घेतो."

तिने बशीवरचा हात काढला. तो खाली मान घालून खायला लागला. सिंकवरची खिडकी त्या पोरीने उघडी टाकली होती, तिच्यातून कापलेल्या गवताचा वास आत येत होता. अर्धा तुकडा संपल्यावर तो म्हणाला, "ती बादली. गड्डे अजून जिवंत आहेत का गं?"

"आहेत."

"कुठे लावू?"

"होते तिथेच."

"पण तिथे तर फरश्या..."

"उचल," आर्डिस म्हणाली, आणि भांडी घासायला उठली.